माळवद उतरवताना तुळईची एक चकती तरी राखा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आमच्याकडे जुने माळवदाचे वाडे एकामागून एक उतरवले जात आहेत. सागवानी खांब, तुळया, दारं व्यापारी ट्रक भरून नेतात. घर पडायला आलं असेल तर उतरवावंच लागतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्या लाकडासोबत आपल्या पावसाची नोंदही गावाबाहेर जाते, म्हणून हे पत्र.

मागच्या उन्हाळ्यात आजोबांनी बांधावर लावलेला साग आम्ही रीतसर परवानगी काढून तोडला. ओंडक्याच्या तोंडावर रंधा मारून पाणी लावलं, तशी वलयं उमटली. साग उन्हाळ्यात पानं गाळतो आणि पावसाच्या तोंडावर पुन्हा वाढू लागतो. तेव्हा तयार होणाऱ्या मोठ्या छिद्रांची रांग म्हणजे नव्या वर्षाची खूण. सालीकडून आत मोजत गेलो. पाऊस कमी पडला की झाड कमी वाढतं आणि त्या वर्षाचं वलय अरुंद होतं. बहात्तरच्या दुष्काळाच्या आसपासची वलयं अगदी एकमेकांना चिकटलेली. वडील त्या साली खडी फोडायला जात होते, मिलोची भाकरी आणि सुकडी खाऊन. ते बराच वेळ त्या रेघांवर बोट ठेवून बसले.

एका झाडावरून दुष्काळ सिद्ध होत नाही, हे खरं. अळीनं पानं खाल्ली, कुणी फांद्या छाटल्या, तरी वाढ खुंटते. म्हणून शास्त्रज्ञ अनेक झाडांची रुंद-अरुंद वलयं एकमेकांशी जुळवतात. जिवंत झाड तोडावंही लागत नाही, पोकळ गिरमिटानं पेन्सिलीहून बारीक कांडी काढली की पुरते. जिवंत झाडाची आतली वर्षं आणि जुन्या तुळईची बाहेरची वर्षं जुळली की साखळी मागं सरकते. अमेरिकेत अ‍ॅरिझोनात डग्लस नावाच्या खगोलशास्त्रज्ञानं सूर्यावरच्या डागांचा माग काढताना हे शास्त्र उभं केलं. १९२९ साली एका जळक्या तुळईनं त्यांच्या साखळीतला तुटका दुवा सांधला आणि तिथल्या प्राचीन वस्त्यांच्या घरांची सालं कळली. तेराव्या शतकाअखेरचा तिथला मोठा दुष्काळही त्या लाकडात सापडला. आपल्याकडे पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या संशोधकांनी केरळातल्या सागांवरून १४८१ ते २००३ अशी ५२३ वर्षांची मालिका जुळवली. भारतीय हवामान खातं सुरू झालं १८७५ मध्ये. त्याआधीच्या मराठवाड्याच्या पावसाबद्दल आपल्याकडे कागद आहेत, कथा आहेत, मोजमाप मात्र फार थोडं आहे. ते कदाचित आपल्याच माळवदाखाली आडवं पडलं असेल.

इथं एक अडचण आहे. सालीखालच्या पांढुरक्या लाकडाला लवकर कीड लागते म्हणून सुतार ते ताशून टाकतो, आणि त्याबरोबर झाडाची शेवटची वर्षं जातात. म्हणून जिथं कडेला थोडी साल किंवा ते पांढरं लाकूड उरलं असेल, ती तुळई मोलाची.

इटलीचे शिल्पकार ज्युसेप्पे पेनोने कापीव तुळईतलं एकच वलय धरून बाकीचं लाकूड कोरून काढतात, आणि त्या तुळईतून तिच्या लहानपणीचं झाड फांद्यांसकट उभं राहतं. पाहणाऱ्याला तुळई म्हणजे झाड होतं हे आठवतं, आणि मला तर शास्त्राच्या आलेखाइतकंच हे मोलाचं वाटतं.

माझी विनंती साधी आहे. वाडा उतरवणाऱ्यानं तुळईच्या टोकाची चार बोटं जाडीची चकती कापून घ्यावी. त्यावर गाव, वाड्याचं अंदाजे साल आणि तुळई कुठल्या खणातली, हे लिहावं. मराठवाड्यातल्या विद्यापीठांनी आणि जिल्हा संग्रहालयांनी त्या चकत्या सांभाळाव्यात. चित्रकला शिक्षकांनी मुलांकडून वलयांवर शाई फिरवून कागदावर ठसे काढून घ्यावेत आणि एक ठसा गावच्या शाळेत लावावा. आपल्या दैनिकानं हे आवाहन गावोगावी पोहोचवावं. आमच्या सागाची चकती घरात जपून ठेवली आहे, कुणी अभ्यासक मागेल तर ती द्यायला वडील तयार आहेत.

आपला,
एक शेतकरी वाचक
ता. किनवट, जि. नांदेड