जीप ठेवावी, पण जीप म्हणूनच

चि. ताईस,

अनेक शुभाशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. जीप विकून टाकावी असे तुझ्या भावाचे म्हणणे आहे, आणि ती नव्याने बांधून, मोठे इंजिन व रुंद टायर चढवून पुण्याला न्यावी असे तुझे. दोघांचे ऐकून घेतल्यावर माझे मत असे झाले आहे की जीप ठेवावी; मात्र ती इथे, मूळ रूपात आणि तिच्या कामासाठी ठेवावी. निर्णय फार लांबवता येणार नाही, कारण गाडीची नोंदणी 1991 सालची आहे. पहिली पंधरा वर्षे 2006 मध्ये सरली, तेव्हापासून दर पाच वर्षांनी आपण नूतनीकरण करत आलो, आणि चालू मुदत यंदा दिवाळीनंतर संपते.

ट्रॅक्टर असताना जीप कशाला, हा तुझ्या भावाचा प्रश्न चुकीचा नाही. ओझे वाहण्यापुरते त्याचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. परंतु नाल्यापलीकडच्या वावराची पांदण अजून मातीचीच आहे, आणि मृगापासून पोळ्यापर्यंत तिच्यावरून मोटारसायकल तर जात नाहीच, बोलेरोसारखी मागच्याच चाकांवर चालणारी गाडीही पहिल्या वळणावर रुतून बसते. निंदणाच्या बाया ट्रॉलीत बसवून नेणे मला पटत नाही. ट्रॉली माणसांसाठी नसते आणि नाल्याच्या उतारावर ती कशी कलंडते हे आपल्या भागात सर्वांना ठाऊक आहे. रात्री कुणाला साप चावला, कुणाची बाळंतपणाची वेळ आली, तर चिखलातून माणसाला झोपवून नेणारे दुसरे वाहन आज तरी आपल्या वस्तीत नाही. पांदणीचे खडीकरण पूर्ण झाले की या युक्तिवादातला अर्धा जीव जाईल, हेही मी मान्य करतो. तेव्हा पुन्हा विचार करू.

रुंद टायरांविषयी तू जे लिहिले आहेस ते वाळूला किंवा मुरमाड रानाला लागू पडत असेल. आपली काळी माती पाणी प्याली की फुगते आणि मेणासारखी चिकटते. रुंद टायर तिच्यावर तरंगतो, त्याच्या खाचा दोन फेऱ्यांत भरून जातात आणि मग तो गुळगुळीत होऊन जागेवरच फिरत राहतो. आपल्या जीपचे अरुंद, सोळा इंची टायर वरचा लगदा कापून खालच्या घट्ट थरापर्यंत पोचतात. शिवाय रुंद टायराचा जादा भार किंगपिन, म्हणजे पुढची चाके ज्यांवर वळतात त्या खिळी, आणि स्टिअरिंगच्या जोडांवर येतो, जे आधीच झिजलेले आहेत.

इंजिनाचेही तसेच. ही महिंद्राची 540 आहे. तिच्यात फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या परवान्याने इथे बनलेले 2112 सीसीचे एक्सडीपी डिझेल इंजिन आहे, ज्याची ताकद बासष्ट अश्वशक्तीच्या आसपास आहे. आजच्या मानाने हे फारच कमी, परंतु चिखलात ताकदीपेक्षा लो गिअर कामाला येतो, आणि या इंजिनात एकही इलेक्ट्रॉनिक भाग नसल्यामुळे ते तालुक्याच्या गावी कुणीही जाणता मिस्त्री खोलून बसवू शकतो. थंडीत ते लवकर सुरू होत नाही म्हणून तू त्याला नावे ठेवतेस. त्याच्या रचनेत डिझेल आधी वेगळ्या छोट्या कप्प्यात पेटते, त्यामुळे तो कप्पा तापवणारे हीटर प्लग चांगले असावेच लागतात, आणि आपले दोन जळालेले आहेत. इंजिन चालू असताना तेल टाकण्याचे झाकण काढून पाहिले, तर धूर जोराने बाहेर फेकला जात नाही. म्हणजे रिंग-पिस्टन अजून धरून आहेत. सायलेन्सरमधून येणारा धूर काळा आहे, निळा नाही. निळा असता तर इंजिन तेल जाळत आहे असे समजलो असतो. काळ्यासाठी डिझेल फवारणारे नोझल आणि फ्युएल पंपाचे काम करून भागेल.

खरी भीती मला चासीची, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याची आहे. वर्षानुवर्षे नाल्यातून जाऊन पाट्यांच्या (स्प्रिंगच्या) शॅकलजवळ आणि क्रॉस मेंबरच्या, म्हणजे आडव्या दांड्यांच्या पोकळीत माती साठली आहे, आणि तीच माती ओल धरून लोखंड आतून खाते. बाहेरून रंग शाबूत दिसतो. इंजिन पुन्हा बांधता येते, टिनकाम करता येते, हुड नवे शिवता येते. परंतु पाटे जिथे चासीला धरतात तिथला पत्रा हातोडीच्या ठोक्याने दबला, तर त्या गाडीत माणसे बसवून नाल्यात उतरण्याची माझी तयारी नाही. म्हणून पहिला खर्च इंजिनावर न करता गाडी उचलून, धुऊन, चासी ठोकून पाहण्यावर करायचा. ती दोनतीन ठिकाणी सडलेली निघाली तर अधिकृत भंगार केंद्रात गाडी देऊ. तिथले प्रमाणपत्र नव्या गाडीच्या करात सवलतीला उपयोगी पडते.

चारही चाकांना ताकद देणारा गिअर (फोर-व्हील) लावून चाचणी अंगणात घेऊ नकोस, हे मुद्दाम लिहितो. वळणावर पुढची चाके मागच्या चाकांपेक्षा लांबची वाट कापतात, आणि पुढच्या व मागच्या शाफ्टमधला हा फरक सामावून घेणारे मधले डिफरन्शियल या जीपमध्ये नसते. चिखलात चाक थोडे घसरून तो ताण सुटतो; डांबरावर किंवा फरशीवर तो ट्रान्सफर केसच्या, म्हणजे दोन्हीकडच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीच्या दात्यांवर आणि जॉइंटच्या क्रॉसवर येतो. नाल्यातून आल्यावर पुढच्या व मागच्या आसावरच्या डिफरन्शियलचे तेल काढून पाहावे, ते दुधाळ दिसले तर पाणी शिरले आहे असे समजावे.

आता कायद्याचे. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे उत्पादकाने दिलेल्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच स्पष्ट केले. तू पाठवलेल्या चित्रांतल्या, हरियाणातल्या मंडी डबवालीहून बांधून आलेल्या जीप दिसायला देखण्या आहेत, यात वाद नाही. आपली तशी केली तर नूतनीकरणाच्या तपासणीत ती अडकेल आणि अपघात झाल्यास विमा कंपनी हात वर करेल. वीस वर्षांहून जुन्या हलक्या वाहनाचे नूतनीकरण शुल्क ऑगस्ट 2025 पासून 10000 रुपये झाले आहे. शिवाय पर्यावरण कर आणि नवी उच्च सुरक्षा नंबर पाटी. एवढे भरून गाडी नापास करून घेणे मला परवडणारे नाही.

पुण्याचा विचार मात्र सोडून दे. या जीपला एअरबॅग नाही, मागे पट्टे नाहीत, ब्रेक चारही ड्रमचे आहेत आणि उंचीच्या मानाने ती आखूड आहे. समृद्धी महामार्गावर गाड्या 120 च्या वेगाने जातात. त्यांच्यामध्ये तू साठने ही जीप चालवावीस हे तुझ्या आईला तर नाहीच, मलाही सहन होणार नाही.

विकायचीच वेळ आली तर भावाला एवढे सांगून ठेव की काही गिऱ्हाइकांना गाडीपेक्षा तिचे कागद हवे असतात, दुसऱ्याच गाडीला लावायला. नमुना 29 व 30 भरून नाव बदलल्याशिवाय चावी द्यायची नाही. रस्त्याकडेच्या एका ढाबेवाल्याने ती दारात शोभेला मागितली आहे. त्याला मी अजून उत्तर दिलेले नाही, आणि देण्याची घाईही नाही.

माझा बेत असा आहे की चासी बरी निघाली तर मृगाआधी ब्रेक, किंगपिन, क्लच प्लेट आणि पंपाचे काम दीड लाखाच्या आत उरकावे, रंगाला हात लावू नये, आणि पावसाळाभर गाडी कामावर घालून पाहावी. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या साठ दिवसांआधी करता येत नाही, त्यामुळे तो दसऱ्याच्या सुमारास करू. तोवर गाडीने आपली लायकी दाखवलेली असेल किंवा नसेल. तुला खर्चात वाटा उचलायचा असेल तर पुण्यात जुन्या सुट्या भागांच्या दुकानांत या इंजिनाचे नोझल मिळतात का ते पाहा. मिळाले तर चारही एकदम घे. दोन नवे आणि दोन जुने लावले तर इंजिन थरथरते.

तुझे,
बाबा