इनामगावकरांनो, मनापासून आभार

घोड नदीकाठच्या इनामगावच्या पांढरीवर, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडावर, डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं, हे आम्ही वर्गात शिकलो. परवा त्याची छायाचित्रं घेऊन गावात आलो, तर देवळाचा ओटा झाडलेला, सतरंज्या अंथरलेल्या. कुणी केलं, कळलंच नाही. त्या हातांचे आभार, चहाचे पैसे न घेणाऱ्या दादांचेही.

आणि आजी, तुमचे विशेष. घराच्या जमिनीखाली, तोंडाला तोंड लावलेल्या दोन मडक्यांत पुरलेल्या, तीन हजार वर्षांपूर्वीच्या बाळाचा फोटो पाहून तुम्ही म्हणालात, ‘मी तवा खोदकामावर मातीच्या पाट्या वाहायची. हे निघालं त्या दिवशी भाकर गेली नाही.’ पुस्तकातलं ते दफन आम्हाला पहिल्यांदा बाळ म्हणून दिसलं. तुमचं नाव विचारायचं राहिलं. पुढच्या खेपेला आधी तुमच्याकडेच येऊ.