थंडी कुणाची खरी?

यंदाचा पुण्याचा हिवाळा झकास होता की फुसका, यावर हवामानाच्या हौशी मंडळींत अजून खडाजंगी चालू आहे. पाषाणचा माणूस कुडकुडल्याच्या गोष्टी सांगतो, तर मगरपट्ट्याचा म्हणतो, स्वेटर कपाटातून काढलाच नाही. दोघेही खरेच बोलतात. मोकळ्या, सखल जागी रात्री गार हवा साचते. काँक्रीटच्या दाटीत भिंती आणि रस्ते दिवसभराची ऊब रात्रभर सोडत राहतात. निरभ्र पहाटे एकाच पुण्यात पाच-सहा अंशांचा फरक सहज पडतो.

बातमी मात्र येते ती एका नीचांकाची. मग कोणीतरी पुण्यातले १७ जानेवारी १९३५ चे १.७ अंश उकरून काढतोच! त्या विक्रमापुढे कुठला हिवाळा पास होणार?

एका पहाटेच्या कडाक्याने हिवाळा ठरत नाही, गारठा किती दिवस टिकला ते बघावे लागते. ढग आले की किमान तापमान चढते आणि थंडी गायब. गहू-हरभऱ्याला सलग थंडी मानवते. निफाडच्या द्राक्ष बागायतदाराला मात्र साखर उतरलेले मणी तडकायची धास्ती. तो पहाटे बागेत शेकोट्या पेटवतो, ठिबकने पाणी सोडतो. त्याला ‘झकास हिवाळा’ म्हणून बघा!

आपल्या दैनिकातल्या तापमानाच्या चौकटीत हवामान केंद्राचे नाव आणि सरासरीपासूनचा फरक रोज द्यावा. महिनाअखेरीस किती दिवस पारा दहाच्या खाली होता, तेही छापावे.

– एक वाचक, पुणे