शब्बाथशाळेच्या पडद्यासाठी आवाहन

प्रभूमध्ये प्रिय बंधुभगिनींनो,

सप्रेम सलाम. नाताळाआधीच्या आगमनकाळाचा पहिला रविवार तोंडावर आला आहे आणि आपल्या शब्बाथशाळेच्या (मुलांच्या रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गाच्या) हॉलमध्ये अजून ना प्रोजेक्टर आहे, ना पडदा. म्हणून हे पत्र घाईने लिहीत आहे.

जुन्या सभासदांना आपला १६ मि.मी.चा प्रोजेक्टर आठवत असेलच. तो कुठल्या मिशनने दिलेला नव्हता. गिरणीत कामाला असलेल्या आपल्याच माणसांनी दर पगाराला एकेक रुपया बाजूला काढून तो घेतला होता. महिला मंडळाच्या बायांनी दोन डबल चादरी जोडून पडदा शिवला, आणि मधली शिवण प्रभूच्या चेहऱ्यावर येऊ नये म्हणून ती आडवी, खालच्या बाजूला घेतली. आपले तेव्हाचे खजिनदार, आता प्रभूमध्ये निजलेले, प्रोजेक्टर डोक्यावर घेऊन चाळीचे तीन जिने चढायचे. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. १९७८ साली तेलुगूत निघालेला ख्रिस्तचरित्राचा चित्रपट हिंदीत ‘दयासागर’ म्हणून आला, तेव्हा आपल्या कंपाउंडमध्ये शेजारच्या चाळींतली सगळ्या धर्मांची माणसं जमिनीवर मांडी घालून बसली होती. १९८२ च्या गिरणी संपात घराघरातली भांडी गहाण पडली, तरी प्रोजेक्टर विकायचा विषय निघाला तेव्हा बायांनीच तो हाणून पाडला. त्या सगळ्यांचे उपकार या मंडळीने कधी विसरू नयेत.

त्या प्रोजेक्टरचा एक गुण मला आता कळतो. सोळाशे फुटांचं रीळ पाऊण तासाच्या आत संपायचं. मग दिवे लागायचे, आणि दुसरं रीळ चढेपर्यंत आमच्या शब्बाथशाळेच्या बाई उभ्या राहून विचारायच्या, “शिष्य पेत्राने प्रभूला तिसऱ्यांदा नाकारलं तेव्हा काय झालं? तू त्या शेकोटीपाशी असतास तर काय म्हणाला असतास?” मी तेव्हा आठ वर्षांचा होतो. मला उत्तर आलं नव्हतं. तो प्रश्न आजही माझ्यापाशी आहे. खरं शिक्षण त्या पाच मिनिटांत व्हायचं.

आता मुलं मोबाईलवर सगळं बघतात, पण एकेकटी, आणि मध्ये थांबवून विचारणारं कुणी नसतं. सिनेमात कथा सांगताना पुष्कळ गोष्टी मिसळल्या जातात. बाळ येशूच्या गव्हाणीपाशी तीन मागी, म्हणजे पूर्वेकडचे ज्ञानी, उभे दाखवतात. मत्तयाने आपल्या शुभवर्तमानात संख्या दिलेलीच नाही, आणि दुसऱ्या अध्यायात ते घरात गेले असं लिहिलं आहे. लूकच्या सातव्या अध्यायातल्या पापी स्त्रीचं नाव शास्त्रात नाही, पडद्यावर मात्र ती मग्दालीया मरीया होऊन येते. शिक्षकाने तिथे चित्र थांबवून पवित्र शास्त्र उघडायला लावलं पाहिजे. म्हणूनच कमिटीने ठरवलं आहे की एका रविवारी वीस मिनिटांपेक्षा जास्त फिल्म दाखवायची नाही आणि तेवढाच वेळ बोलायचं.

दुसरं कारण मला जास्त बोचतं. आपली बहुतेक मुलं इंग्रजी माध्यमात आहेत. ‘उपासना संगीत’ या आपल्या गीतपुस्तकातली गीतं ती रोमन अक्षरांत लिहून घेऊन गातात. मराठी शास्त्र त्यांना वाचता येत नाही, पण ऐकलेलं मराठी समजतं. लूककृत शुभवर्तमानावरचा १९७९ चा चित्रपट मराठी आवाजात मिळतो, मराठी शास्त्राचं ध्वनिमुद्रणही मिळतं. आजीच्या भाषेत प्रभूचे शब्द त्यांच्या कानांवर पडावेत, यासाठी चांगला स्पीकर हवा.

“देवाच्या घरात सिनेमा कशाला?” असं काही वडील विचारतात. त्यांच्याविषयी आदर राखून सांगतो, फिल्म हॉलमध्येच दाखवू, उपासनेत नाही. कवी रेव्ह. ना. वा. टिळकांनी कीर्तन-भजन आपल्यात रुजवलं, ते लोकांना कळेल असं सांगण्यासाठीच. आणि याच मुंबईत, गिरगावात, ख्रिस्तचरित्राचा मूकपट पाहताना फाळक्यांना आपल्या देवांची चित्रं डोळ्यांपुढे दिसू लागली. त्यातूनच १९१३ साली कोरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. प्रभूच्या चरित्राने ज्या शहरात एवढं घडवलं, तिथे आपल्या मुलांना भिंतीवर हलणारी सावली तरी दिसू नये?

मनातलं एक लिहितोच. दोन वर्षांपूर्वी हेच आवाहन व्यासपीठावरून वाचलं होतं. पेटी फिरली, आणि एका प्रोजेक्टरच्या केबलपुरतेही पैसे जमले नाहीत. त्याच महिन्यात सहलीची बस मात्र दोन दिवसांत भरली. कुणाला दोष देत नाही, पण त्या रात्री वेस्ट्रीत (चर्चच्या सामानाच्या खोलीत) जुना प्रोजेक्टर पुसताना फार वाईट वाटलं. त्याचा दिवा आता लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातही मिळत नाही.

यंदा सुरुवात झाली आहे. विरारला राहायला गेलेल्या आपल्या एका ताईंनी पतीच्या स्मरणार्थ पंधरा हजार दिले. मेगाब्लॉकच्या रविवारी दोन गाड्या बदलून त्या पाकीट घेऊन आल्या. युवक संघाने रद्दी विकून साडेचार हजार जमवले. शब्बाथशाळेच्या मुलांनी हंगामाच्या सणाला खाऊचे पैसे टाकले, ते ६४० रुपये भरले. त्या सर्वांची मनापासून उपकारस्तुती.

एकूण खर्च अंदाजे १,१८,०००: प्रोजेक्टर ६२,०००, पडदा ९,०००, दोन स्पीकर व मिक्सर २८,०००, खिडक्यांचे जाड पडदे १३,०००, बाकी केबल-वायरिंग. जमा २०,१४०. चेक मंडळीच्या नावे, मागे ‘शब्बाथशाळा’ लिहावे; रोख फक्त खजिनदारांकडे, उपासनेनंतर, पावती घेऊनच. मोठी रक्कम चेकनेच. चालू स्थितीतला लॅपटॉप असल्यास आधी मला दाखवावा. बाजारातली डीव्हीडी घरी पाहण्यापुरती असते, त्यामुळे कुणी आणून दिली तरी हक्कधारकांची लेखी परवानगी मिळाल्याशिवाय लावणार नाही. वायरिंग जाणणारे दोघे आणि मराठीत चांगलं वाचणारे चार जण शनिवारी संध्याकाळी पाचला हॉलमध्ये हवेत. हॉलची किल्ली महिला मंडळाकडे आहे.

आपला नम्र,
सेक्रेटरी, शब्बाथशाळा समिती