ब्रह्मपुरीचा समुद्रदेव आणि आपली काशाची वाटी

कोल्हापूर,
रविवार

तीर्थरूप आई आणि बाबा यांना साष्टांग नमस्कार.

गेल्या आठवड्यात आईने माळ्यावरची जुनी भांडी मोडीत घालायचे ठरवल्याचे फोनवर सांगितले, तेव्हा मी घाईत होकार देऊन मोकळी झाले. तो होकार मागे घेण्यासाठी आज मुद्दाम पत्र लिहीत आहे. त्याला कारण म्हणजे टाउन हॉल संग्रहालयात काल घालवलेली दुपार.

बदली होऊन दोन वर्षे झाली, रोज त्या बागेवरून कचेरीत जाते, तरी आत पाऊल पडले ते काल. चार्ल्स मँट यांनी बांधलेल्या त्या टोकदार छपरांच्या वास्तूत शस्त्रे आहेत, आबालाल रहिमान यांची चित्रे आहेत. बाबांना त्या चित्रांपुढून ओढूनच न्यावे लागले असते. मी मात्र ब्रह्मपुरीच्या काशाच्या वस्तूंपाशी अडकले.

ब्रह्मपुरी म्हणजे पंचगंगेच्या काठची टेकडी. तेथे १९४४ च्या सुमारास या वस्तू निघाल्या, १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजचे सांकळिया आणि दीक्षित यांनी रीतसर उत्खनन केले, आणि ही वस्ती सातवाहनांच्या काळी भरभराटीला आलेली होती हे उघड झाले. पाठीवर माणसे बसलेला एक हत्ती आहे, तो आपल्याकडच्या कारागिराचा. पण त्याच्याच सोबतीला रोमन घडणीची सुरई, आरसा आणि पोसायडन, म्हणजे ग्रीकांचा समुद्रदेव, आहे. मूर्ती वीतभरसुद्धा नाही. दाढी आणि दाट केस असलेल्या या देवाच्या उचललेल्या हातात एके काळी त्रिशूळ असावा, असे मानतात. आता हात रिकामा आहे.

समुद्रापासून इतक्या दूर, घाटमाथ्यावर, समुद्राचा देव काय करत होता? नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांवर इजिप्तच्या बंदरांतून जहाजे निघत आणि सोपारा, कल्याण, चौलसारख्या बंदरांचा माल बैलांच्या पाठीवरून घाट चढून देशावर येई. हा देव नेमका कोणत्या घाटाने वर आला हे कोणी लिहून ठेवलेले नाही, म्हणून मी आपल्या सोयीने अणुस्कुरा घाटच मनात धरला आहे. राजापूरहून येताना मला त्याच घाटात उलटी होते, त्याचे काय झाले असेल देव जाणे!

बाबा, पितळेत जस्त आणि काशात कथील, हे तुम्ही नववीच्या वर्गात माझ्याकडून तीनदा लिहून घेतले होते. त्या काळी कथीलही समुद्रापलीकडून येत असे. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याने भडोचला उतरणाऱ्या मालाची यादी दिली आहे, त्यात तांबे, कथील आणि शिसे आहे. इतक्या लांबून आलेली महागाची धातू कोण वाया घालवणार? भांडे फुटले, मूर्तीचा हात तुटला, की कासाराच्या मुशीत जायचे आणि नवे होऊन बाहेर यायचे. मातीच्या खापरांना कोणी विचारत नाही, म्हणून ती टोपल्यांनी सापडतात. काशाच्या वस्तू विरळा सापडतात, कारण त्या पिढ्यान्पिढ्या मोडीत गेल्या. ब्रह्मपुरीच्या तेवढ्या कोणाच्या तरी घरात, कोणत्या तरी कारणाने, मोडीतून सुटल्या आणि मातीखाली राहिल्या.

हे वाचता वाचताच मला माळा आठवला. आई, आजीचे काशाचे ताट, कडेला पोचा आलेला तो लोटा आणि तळवे घासायची वाटी, ही तिन्ही खाली काढून ठेव. ॲल्युमिनियमची पातेली खुशाल दे, त्यांच्यासाठी मी भांडणार नाही. पितळी पिंपाचे तू आणि बाबा मिळून ठरवा. मला विचाराल तर ठेवावे, पण ते ठेवायला जागा लागते हेही खरे आहे.

वाटी मात्र माळ्यावर परत टाकू नकोस. बाबांच्या तळपायांची आग रात्री वाढते असे तूच म्हणालीस, तर झोपण्यापूर्वी थोडे तूप लावून तळवे घासून दे. वाटी काळी पडली की आजी 'उष्णता निघाली' म्हणायची. ते काशाचे आणि तुपाचे रसायन आहे असे बाबा तेव्हाही म्हणत, आणि तरी पाय पुढे करत.

दिवाळीत चार दिवस रजा मिळाली आहे. तुम्ही इकडे आलात तर संग्रहालयात जाऊ, नाहीतर मीच येते.

तुमची,
सुमा