कासव आपण का ठेवलं नाही

चि. सई,

अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू म्हणालीस, "आई, दिवाळीला येईपर्यंत त्याला हौदात ठेव ना गं." मागे मुलींची रांग लागलेली, बोलणं अर्धवटच राहिलं. म्हणून आज सविस्तर लिहिते. कासव आपण ठेवलं नाही. ते मागच्या ओढ्यात सोडून दिलं. तू हिरमुसली होशील हे मला ठाऊक आहे, पण का सोडलं ते पूर्ण वाच.

ते सापडलं न्हाणीच्या मागे, अळूच्या वाफ्यात. रात्रभर पाऊस कोसळत होता आणि सकाळी कुत्रा तिथे उभा राहून एकसारखा भुंकत होता. आधी मी कुत्र्याला बांधलं, मगच जवळ गेले. हिरवट तपकिरी रंग, लांबट गोल अंग आणि पाठीवर गुळगुळीत ओली कातडी. चित्रातल्या कासवाच्या पाठीवर असतात तसे चौकोन त्याला नव्हते. नाक पुढे काढलेलं, बारीक नळीसारखं. आबांनी ते दोन्ही बाजूंनी, मागच्या अंगाला धरून अलगद उचललं. या जातीची मान लांब असते आणि तिचा चावा चांगलाच लागतो, त्यामुळे पुढून हात घालायचा नाही. शेपटीला धरून तर कधीच उचलायचं नाही. उचलल्यावर पोट दिसलं. मागचे पाय त्याने आत ओढले आणि पोटाकडचे कातडीचे दोन पडदे त्यांच्यावर असे मिटले, की तिथे पाय आहेत हे कळूही नये. सई, त्या क्षणी तू इथे हवी होतीस असं फार वाटलं.

बारदान भिजवून घमेल्यात घातलं, त्यावर कासव ठेवलं आणि वर टोपली पालथी घातली. तेवढ्यात घरात चार मतं झाली. आजी हळदकुंकवाची कोयरी घेऊनच आल्या. देवळात आपण कासवाला हात लावल्याशिवाय पुढे जात नाही, आणि ते तर आपणहून दारात आलेलं. मी त्यांना सांगितलं, याची पाठ दगडाची नाही, ती जिवंत कातडी आहे, तिच्यावर काही लावायला नको. आजींनी लगेच ऐकलं. लांबूनच फूल वाहिलं आणि हात जोडले.

काकांचं म्हणणं, विहिरीत सोडा, पाणी स्वच्छ राहील. आपल्याकडे कितीतरी विहिरींत अशीच कासवं सोडलेली आहेत आणि त्यात कुणाचा वाईट हेतू नसतो. मेलेले मासे, बेडूक, कुजकं असं हे कासव खातंही. पण सई, कासवाला अंडी घालायला पाण्याबाहेर मातीतच यावं लागतं. खड्डा उकरायचा, अंडी घालायची, वर माती लोटायची. आपल्या विहिरीला वरपासून खालपर्यंत सिमेंटच्या रिंगा आहेत. त्यातून ते वर येणार कसं? मादी असेल तर तिची अंडी कधीच जमिनीला लागणार नाहीत आणि नर असेल तर त्याला मादी भेटणार नाही. पाणी आहे, खाणं आहे, एवढ्यावर आपण त्याचं बरं चाललंय असं समजतो. हौदाचंही तेच. तुझ्या हट्टाला मी नाही म्हटलं ते याच कारणाने. तू दिवाळीत पाच-सहा दिवस त्याच्याकडे कौतुकाने बघितलं असतंस आणि बाकीचं आयुष्य त्याने भिंतीला घासत काढलं असतं.

एक गोष्ट मात्र मला अजून खुपते. दुपारी बाहेरगावचा एक माणूस चौकशी करत आला. "नखं किती आहेत? वीस असतील तर पैसे देतो," म्हणाला. वीस नखी कासवाने पैशाचा पाऊस पडतो म्हणून आपल्याकडे माणसं फसवली जातात आणि कासवं मारली जातात. याच्या प्रत्येक पायाला तीन नखं, म्हणजे सगळी मिळून बारा. पण मी त्याला मोजू दिली नाहीत. वीस असती तरी ते पाप आपल्या दारात झालं नसतं. तो गेल्यावर मी मागचं दार लावून घेतलं आणि वनखात्याच्या 1926 या नंबरवर फोन केला. हा नंबर वहीत लिहून ठेव.

संध्याकाळी वनरक्षक आले. त्यांनी पाठ, पाय, डोळे सगळं तपासलं. कुठे चीर किंवा रक्त नव्हतं. जखमी असतं तर ते उपचाराला घेऊन गेले असते. 1972 च्या वन्यजीव कायद्यात हे कासव पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्याच यादीत. घरी ठेवलं तर सरळ गुन्हा आणि त्याला तुरुंग आहे. हे ऐकून काकाही गप्प झाले. मी कायद्याच्या भीतीने सोडलं असं मात्र समजू नकोस. कायदा नसता तरी मी हेच केलं असतं.

सोडायचं कुठे, यावर मी आधी धरणाचं नाव काढलं होतं, तिथे भरपूर पाणी म्हणून. वनरक्षक म्हणाले, लांब नको. उन्हाळ्यात पाणी आटलं की ही कासवं चिखलात स्वतःला गाडून घेतात आणि पाऊस लागला की बाहेर पडून चालू लागतात. आपलं परसू त्याच्या वाटेत आलं, एवढंच. त्याचा ठाव इथलाच. म्हणून करंजाच्या झाडाखाली, जिथे ओढ्याचा काठ उतरता आहे आणि पाण्याला ओढ नाही, तिथे घमेलं टेकवलं. पाण्यात टाकलं नाही, काठावर ठेवलं. बराच वेळ हललं नाही. मग मान निघाली, नाक पाण्याला लागलं आणि गढूळ पाण्यात कुठे गेलं ते कळलंसुद्धा नाही. आबांना घरी येऊन साबणाने हात धुवायला लावले. कासवाला हात लावल्यावर ते विसरायचं नाही.

आता तुझ्या मैत्रिणीचं. फोनवर मागून तिचा आवाज आला होता, "मग मीपण माझं तळ्यात सोडू का?" तिला आजच सांग, अजिबात नको. तिच्या काचेच्या पेटीतल्या कासवाच्या डोळ्यामागे लाल पट्टा आहे असं तू मागे सांगितलं होतंस. ते अमेरिकेतलं कासव, मिसिसिपीच्या खोऱ्यातलं. दुकानात नाण्याएवढं मिळतं, मोठं झालं की पेटीत मावत नाही, आणि मग लोक दया म्हणून तळ्यात सोडतात. तिथे ते आपल्या कासवांचं खाणं आणि उन्हाची जागा बळकावतं. ते जगलं तर इथल्यांचं नुकसान, मेलं तर त्याचं. तिने आणलंय तर ते तिनेच सांभाळायचं. मोठी टाकी हवी, वर येऊन अंग शेकायला दगड हवा आणि रोज ऊन मिळायला हवं. सांभाळणं जमत नसेल तर तिच्या आई-वडिलांनी वनखात्याला किंवा प्राण्यांच्या डॉक्टरांना विचारावं, पण तळं, नदी, विहीर यांतलं काहीही नको. ती रडेल कदाचित. तिच्याशी समजुतीने बोल.

आजींनी डिंकाचे लाडू दिलेत, बाबा शनिवारी घेऊन येतील. रेनकोट वापरतेस ना? पत्राचं उत्तर लिही, फोनवर तुझं निम्मं बोलणं ऐकूच येत नाही.

तुझी,
आई