तीन बोटं

जिंतूर,
दि. १४ डिसेंबर

प्रिय बापू,

स. न. वि. वि. लिहिलं की तू शिव्या घालतोस, म्हणून लिहीत नाही. दीड वर्ष झालं, ना पत्र ना फोन. तुझ्या वडिलांच्या वर्षश्राद्धालाही आलो नाही. सोयाबीनची काढणी आहे असं कळवलं होतं. काढणी चार दिवस आधीच उरकली होती. त्या पैशांमुळं तोंड दाखवायची लाज वाटत होती, एवढंच. पैसे द्यायचेत, विसरलो नाही. पण आजचं पत्र पैशाचं नाही. आणि फोन केला असता तर तू मध्येच बोलला असतास, म्हणून पत्र.

आईची शुगर आहे तशीच. मी ठीक. म्हणजे आता सांगतो ते सोडून ठीक.

गेल्या आठवड्यात शेतातल्या लाईटची रात्रपाळी होती. हरभऱ्यात दारं धरून उभा होतो. दोनच्या सुमारास बाटलीतलं पाणी प्यालो आणि उजवीकडच्या खालच्या दाढेतून अशी कळ निघाली की फावडं टाकून धुऱ्यावरच बसलो. घरी येऊन लवंग धरली, मिठाच्या गुळण्या केल्या. शेजारच्या मावशी मिश्रीची डबीच घेऊन आल्या. वीट तापवून गालही शेकला, तसं करू नये म्हणे, ते नंतर कळलं. परभणीला जायचं तर दुकान बंद, त्यात तुरीला फवारण्याचे दिवस. मग ताईची पोरगी म्हणली, मामा, मोबाईलवर दाखव, आमच्या डेंटल कॉलेजच्या एक सीनियर मॅडम व्हिडिओवर बघतात. तीनशे रुपये फोनपे केले.

मी हसलो नाही, कारण माझाच धंदा तो. दिवसाला तीसएक शेतकरी पानांचे फोटो पाठवतात आणि मी गल्ल्यावर बसून औषध सांगतो. आणि किती चुकतो तेही मलाच माहीत. तुझ्या मेव्हण्याच्या हरभऱ्याचं आठवतं का? फोटोत पान पिवळं दिसलं, मी खत सांगितलं, निघाला मर रोग. झाड उपटून खोड उभं चिरलं तेव्हा आत काळी रेघ. तो अजून मला रामराम घालत नाही.

तर मॅडमनं आधी फोटो मागवले. समोरून, दोन्ही बाजूंनी, वरची ओळ, खालची ओळ. घाईत तो खालच्या ओळीचा फोटो माझ्या ‘हरभरा-तूर सल्ला’ ग्रुपवर गेला. काढेपर्यंत एकानं विचारलंच, "दादा, ही कोणती कीड? आमच्याकडं पण आलीय."

आमच्याकडं रेंज फक्त माळवदावर. म्हणून संध्याकाळी तिथं सगळी वरात. पुतण्याच्या हातात मोबाईल, आमच्या घरच्या बाईसाहेबांच्या एका हातात दुसऱ्या मोबाईलची बॅटरी, दुसऱ्यात चमचा, आणि मी तोंड वासून मावळतीकडं बघत बसलेलो. समोरच्या गच्चीवर पाच-सहा जण बिनतिकिटाचे. मॅडम म्हणजे आपल्या पोरीएवढी पोरगी. विचारायला मात्र पक्की. थंडानं कळ येते का गरमानं? पाणी गिळल्यावर लगेच थांबते का रेंगाळते? रात्री झोपेतून उठवते का? चमच्याच्या दांड्यानं दाढेवर हळूच टकटक करा. मी केलं, आणि पुतण्याच्या हातातून मोबाईल पडता पडता राहिला. ती म्हणली, "काका, शेहेचाळीस नंबरची दाढ आहे." मी म्हणलो, मॅडम, माणसाला बत्तीसच असतात ना? तोंडाचे चार कोपरे करतात म्हणे, खालचा उजवा चौथा, आणि मधून मोजत सहावा दात, म्हणून चार-सहा. पण बापू, शेहेचाळीस! आपल्या हॉस्टेलच्या खोलीचा नंबर. कळ विसरून मी हसलो, आणि ते का, हे माळवदावर कुणालाच सांगता येईना.

गोळ्या दुखण्याच्या दिल्या. मी म्हणलं अँटिबायोटिक द्या, गावात सगळे तेच घेतात. म्हणे सूज नाही, ताप नाही, आतली नस सुजलीय, तिथं ते काही करत नाही. दाढेचं काम खुर्चीवर बसूनच करावं लागेल, मोबाईलवरून मी फक्त तोवरची सोय करतेय. आणि जबड्याखाली सूज आली, ताप आला किंवा घोट गिळता येईना तर माझ्या फोनची वाट बघू नका, रात्री का असेना, दवाखाना गाठा.

इथवर सगळं गमतीचंच होतं. मग ती म्हणली, उजवा गाल जरा ओढून दाखवा. आमच्या घरच्या समोर उभ्या, त्यांनी स्वतःचा उजवा धरला. म्हणजे माझा डावा. चमचा तिकडं गेला.

"थांबा. चमचा तिथंच ठेवा."

डावा गाल. आपली जागा. वीस वर्षं जिथं तंबाखूची गोळी धरतो ती. आत पांढरा चट्टा आहे म्हणे, आणि आजूबाजूचं कातडं फिकट पडलंय. तिखटानं आग होते का? होते. दोन वर्षं मी घरात भांडतोय की तू ठेच्यात मुद्दाम मिरच्या वाढवतेस. सुपारी खाता का? मी म्हणलं, तंबाखू खातो. तिनं पुन्हा विचारलं, सुपारी? बापू, सुपारी आपण व्यसनात कधी धरलीच नाही. ती पूजेला असते, सोयरीक जमली की फोडतात. २०१२ ला गुटखा बंद झाला तेव्हा आपणच कातरून, चुना लावून, घोटून स्वावलंबी झालो होतो ना! गाल आतून ताठ होतो तो सुपारीनंच, असं ती म्हणाली.

मग म्हणली, तोंड होईल तेवढं उघडा आणि तीन बोटं उभी घाला, वरच्या-खालच्या दातांच्या मध्ये.

दोन गेली.

गॅदरिंगला अख्खा बुंदीचा लाडू एका घासात घालून पन्नास रुपये जिंकलेला माणूस मी. तू बाजूला उभा राहून मोजत होतास. तिसरं बोट दातावर अडकलं आणि मला लाडूच आठवला. शेजारी हिनं नकळत स्वतःची तीन घालून बघितली, सहज गेली. काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी ताटात ठेचा आला तो नुसता शेंगदाण्याचा.

मॅडमनं घाबरवलं नाही, धीरही दिला नाही. मोबाईलवर चट्टा दिसतो, बोटाला कसा लागतो ते कळत नाही, म्हणली. तुकडा काढून तपासायला लागेल. खोड चिरल्याशिवाय रेघ दिसत नाही, हे मला कुणी शिकवायला नको. संभाजीनगरला घाटी दवाखान्याच्या आवारातलं सरकारी दंत महाविद्यालय तिनं सांगितलंय. बिस्तरवारी परभणीहून मराठवाडा एक्सप्रेसनं जातोय. आईला दाढ काढायला जातो असं सांगितलंय. तंबाखूची डबी त्या दिवसापासून दुकानात गल्ल्यात पडून आहे. फेकलेली नाही, खोटं कशाला बोलू. आज दोनदा उघडली.

आता त्या डबीचंच. कीटकशास्त्राच्या पेपरच्या आदल्या रात्री पहिली चिमूट कुणी कुणाला दिली, यावर आपण किती वर्षं भांडलो? तुझ्या लग्नातसुद्धा भांडलो, तुझ्या सासऱ्यांसमोर. मी दरवेळी म्हणायचो, बापूनं लावली सवय. बापू, डबी माझी होती. गावाकडून येताना चुलत्याच्या खिशातून काढून आणली होती. तुला झोप येत होती आणि मला एकट्याला खायची भीती वाटत होती. तुला खरं माहीत होतं, तरी सासऱ्यांसमोर तू हसून सोडून दिलंस. तो चट्टा बघितल्यापासून मला माझ्या गालापेक्षा ते जास्त खातंय.

पोराचं दहावीचं वर्ष ना यंदा? फ्लॅटचा ताबा मिळाला का, का बिल्डर अजून फिरवतोय? वहिनींच्या गुडघ्याचं काय झालं? सगळं सविस्तर कळव, पण ते नंतर.

आधी हे पत्र ठेव, आरशासमोर जा आणि तीन बोटं घालून बघ. वहिनींना सांगायची गरज नाही. किती गेली तेवढा आकडा पाठव, बाकी काही लिहू नकोस. तीन नाही गेली तर बिस्तरवारी सकाळी घाटीच्या फाटकाशी ये, दोघं एकाच रांगेत बसू. पैशाचं तिथंच बोलू.

तुझा,
जबड्या